दादऱ्याची चौथी मात्रा

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास माझ्याकडे दुसरीच्या वर्गाच्या संगीताचा असतो. वेळापत्रकात त्या चौकटीत ‘कला’ एवढेच लिहिलेले आहे. मी मुळात वर्गशिक्षिका. मराठी, गणित आणि परिसर अभ्यास हे माझे रोजचे विषय. लहानपणी शनिवार पेठेतल्या एका गायनवर्गाला जाऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या, आणि मुलाखतीच्या वेळी अर्जात ते नमूद केले होते, एवढ्या भांडवलावर हा तास माझ्या वाट्याला आला. पस्तीस मिनिटांच्या या तासातली पहिली सात-आठ मिनिटे डब्याचे झाकण लावण्यात, पाण्याची बाटली शोधण्यात आणि कोणी कोणाला ढकलले याचा निवाडा करण्यात जातात. उरलेल्या वेळात वर्गातल्या ३८ मुलांना घेऊन जे घडते, त्याविषयी बरेच दिवस लिहायचे मनात होते.

यंदा जूनपासून आम्ही दादरा धरला आहे. सहा मात्रांचा, म्हणजे सहा सारख्या ठोक्यांचा, सोपा ताल: धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, टाळी आणि चौथीवर ‘खाली’. टाळी कोणालाही शिकवावी लागत नाही, कारण मुले टाळी वाजवण्यासाठी टपलेलीच असतात. खरी परीक्षा चौथ्या मात्रेची असते. तिथे हात उताणा करून हलकेच बाजूला न्यायचा आणि काहीही वाजवायचे नाही. मोठ्यांना ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण सात वर्षांच्या मुलाचा उजवा हात एकदा डाव्यावर पडायला निघाला की त्याला वाटेत थांबवणे हे त्या मुलाच्या दृष्टीने डोंगर ढकलण्याइतके अवघड असते. पहिल्या महिन्यात आमची खाली टाळीपेक्षाही मोठ्याने वाजत होती.

दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसतो. हातपाय चालवण्याबद्दल त्याच्या तक्रारी रोज दोन तरी येतात. मारण्याचा त्याचा हेतू असतो असे नाही. राग आला की हात आधी जातो आणि आपण काय केले ते त्याला मागाहून कळते. खालीवर त्याची टाळी हटकून पडत असे, आणि पडली की तो स्वतःच दचकून माझ्याकडे बघत असे. मी त्याला रागावले नाही, कारण चूक झाल्याचे त्याला माझ्याआधी समजत होते, आणि मला हवे होते ते नेमके तेवढेच. पुढे त्याने स्वतःच एक युक्ती काढली. तिसऱ्या मात्रेलाच तो ओठ घट्ट मिटून घेऊ लागला, जणू हाताला थोपवायचे तर तोंडही बंद असले पाहिजे. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सलग बारा आवर्तने त्याची खाली चुकली नाही. त्याच दिवशी शाळा सुटताना त्याने शेजारच्या मुलीची छत्री हिसकावून घेतली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. संगीताने मूल एका तासात गुणी होते अशा गोष्टी मला सांगता येत नाहीत.

तरीही माझे म्हणणे असे आहे की प्राथमिक शाळेतल्या संगीताचे भावनिक वाढीशी जे नाते आहे, ते या खालीत आहे. आपण सहसा ते गाण्याच्या आशयात शोधतो: देशभक्तीचे गाणे गायले की देशप्रेम वाढेल, आईवरचे गाणे गायले की आईविषयी माया वाढेल. मुलांच्या बाबतीत हे असे सरळ चालत नाही. आईवरचे गाणे म्हणत असतानाच ती एकमेकांना चिमटे काढत असतात. मात्र आपली पाळी येईपर्यंत थांबणे, आवरलेल्या हाताचा ताण दोन मात्रा सोसणे, पुढच्या समेवर सगळ्यांबरोबर मोकळे होणे आणि हे सगळे कोणीही न ओरडता पुन्हा पुन्हा करणे, याचा सराव शाळेतला दुसरा कोणताही विषय देत नाही. गणितात चूक झाली की लाल फुली मिळते आणि ती वहीत राहते. तालात चूक झाली तर सहा मात्रांनी नवी सम येते.

पालकसभेत हा मुद्दा मांडला की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘बाई, गाण्यानं गणित सुधारतं म्हणतात ते खरं का हो?’ विचारणाऱ्यांचा दोष नाही; शास्त्रीय संगीत ऐकवले की मूल हुशार होते हा समज आता औषधाच्या दुकानातल्या बाळाच्या सामानापर्यंत पोहोचला आहे. त्याचे मूळ १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या टिपणात आहे. तो प्रयोग मुलांवर झालेलाच नव्हता. महाविद्यालयातल्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची एक रचना ऐकवल्यानंतर आकृत्यांच्या एका विशिष्ट कोड्यात त्यांची कामगिरी थोडी सुधारली आणि पंधरा-एक मिनिटांत तो परिणाम ओसरला, एवढाच त्याचा निष्कर्ष होता. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी संगीताची ध्वनिमुद्रिका पाठवण्यासाठी सरकारी पैसे मागितले. आपल्याकडे तेवढे झाले नाही, पण ‘बुद्धी वाढते’ हे शब्द मात्र शिकवणीवर्गांच्या फलकांवर आले.

पुढे कॅनडातल्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी हाच प्रश्न नीट तपासला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट करून काहींना कीबोर्ड, काहींना गायन आणि काहींना नाट्य शिकवले, तर काहींना त्या वर्षी काहीच शिकवले नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित अधिक वाढला होता. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इतरांशी जुळवून घेण्याच्या वागणुकीत सुधारणा दिसली ती नाट्य शिकणाऱ्या मुलांमध्ये. संगीत शिकणाऱ्यांमध्ये ती दिसली नाही. संगीताची बाजू घेणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून थोडे खट्टू व्हायला झाले होते. नंतर विचार करता वाटले की यात नवल कसले? आपल्या घरच्या कीबोर्डवर बसून आपलाच धडा पक्का करणाऱ्या मुलाने दुसऱ्याला सांभाळून घ्यायला शिकावे कुठून? नाटकात समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबावेच लागते.

ज्या प्रयोगाने मला धीर दिला तो याहून साधा आहे. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी जर्मनीत चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेतल्या. निम्म्या जोड्यांनी खेळण्यातल्या बेडकांना गाणी गाऊन, ताल धरून, नाचून जागे केले. उरलेल्यांनी तोच खेळ गाण्यावाचून खेळला. मग प्रत्येक मुलाच्या हाती गोट्या भरलेली नळी देऊन ती पलीकडे न्यायला सांगितले, आणि एकाच्या नळीचा तळ मुद्दाम उघडेल अशी व्यवस्था केली. गोट्या घरंगळल्या की दुसरे मूल आपले काम टाकून मदतीला येते का, हे पाहायचे होते. एकत्र गाऊन आलेली मुले अधिक वेळा आली. २०१० सालचा हा अभ्यास आहे आणि त्यात कोणाही मुलाला ‘मदत करावी’ असे शिकवलेले नव्हते. केवळ काही मिनिटे दोघांचे पाय एका लयीत पडले होते.

आपल्या मुलखाला हे प्रयोगशाळेतून कळण्याची गरज नव्हती. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, त्या आठवड्यात आमच्या शाळेचीही छोटी दिंडी निघते. एरवी रांगेत धड न चालणारी मुले हातात टाळ आल्यावर पावली धरतात, कोणाची चप्पल निघाली तर मागची ओळ आपसूक थबकते, आणि ज्या मुलाला वाचताना अक्षरे सापडत नाहीत तो घरच्या भजनाच्या सवयीमुळे अख्ख्या वर्गाला लय दाखवत असतो. त्या दिवशी तो वर्गातला ‘मागे पडलेला’ मुलगा नसतो. शनिवारी सकाळी पुन्हा वाचनाचा तास असतो, तो भाग वेगळा; पण सोमवारी दोन मुलांनी त्याला आपल्या बाकावर बोलावले होते, हे मी पाहिले आहे.

आता माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका शाळेत असताना, आंतरशालेय समूहगान स्पर्धेसाठी मी वीस मुलांचा गट बसवला होता. त्यात दोन मुलींचा सूर लागत नव्हता. त्यांना काढले असते तर पालक आले असते. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्या दोघींना बाजूला घेऊन शक्य तितक्या प्रेमाने सांगितले, ‘तुम्ही नुसते ओठ हलवा हं.’ आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या आठवड्यात वर्गात नेहमीची प्रार्थना सुरू करण्याआधी त्यांतली एक उभी राहिली आणि तिने अगदी सरळपणे विचारले, ‘बाई, आज पण ओठच हलवायचे का?’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वर्गात रांगोळीचा डबा कुठे ठेवायचा हे विचारावे तशी ती विचारत होती. आपला आवाज इतरांत मिसळण्याच्या लायकीचा नाही, ही गोष्ट तिने सूचना म्हणून स्वीकारली होती.

मी ‘नाही गं, आज मोठ्यानं म्हण’ असे म्हटले. तिने त्या दिवशी ओठच हलवले, आणि त्यानंतर वर्षभर.

तिचा सूर का लागत नव्हता, हे मला कळले चार-पाच वर्षांनी, आणि तेही योगायोगाने. मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी षड्ज (सा) धरून, गाते. बाईमाणसाला ही सोयीची पट्टी; शिकले तीही याच पट्टीत. पण लहान मुलांचे स्वरतंतू आखूड असतात, त्यांचा बोलण्याचा आवाजही आपल्यापेक्षा वर असतो, आणि माझा षड्ज त्यांच्या गळ्याच्या तळाशी, कित्येकांच्या बाबतीत तर तळाच्याही खाली पडतो. वर्गातली थोडी मुले कशीबशी तिथे पोहोचतात, उरलेली घोगऱ्या आवाजात एकाच सुरावर बोलल्यासारखे गातात आणि आपण त्यांना बेसूर म्हणून मोकळे होतो. गाणारे गुरुजी असतील तर घोटाळा दुसराच होतो: ते काळी एकमध्ये मुलांच्या एक सप्तक खाली गात असतात, आणि काही मुलांना त्यांचा सूर आपल्या गळ्यात कुठे शोधायचा हेच उमगत नाही. एकदा हार्मोनियमच्या भात्याला भोक पडले म्हणून मी तंबोऱ्याच्या ॲपवर काम भागवत होते आणि चुकून पट्टी पांढरी दोनवर राहिली. मला जरा ताणून गावे लागले, पण वर्ग एकदम उजळला. ज्यांना मी मनातल्या मनात बाद केले होते, त्यांतल्या बहुतेकांचा सूर जागच्या जागी येऊन बसला. त्या क्षणी आनंदाच्या आधी मला ती ओठ हलवणारी मुलगी आठवली. दोष पट्टीचा होता, आणि पट्टी मी निवडली होती.

तेव्हापासून मी मुलांबरोबर गाताना पांढरी एक किंवा दोन धरते आणि भूप रागातल्या पाच सुरांच्या पलीकडे घाईने जात नाही. मध्यम (म) आणि निषाद (नी) नसल्यामुळे मुलांच्या पायात काही अडकत नाही; जिथे पाय पडेल तिथे बरेच दिसते. ज्यांचा सूर अजूनही हलतो त्यांना मी सुरेल मुलांच्या मधोमध बसवते आणि काहीही सांगत नाही. सहा-सात वर्षांच्या वयात सूर न जुळणे हा बहुधा वयाचाच भाग असतो. ऐकत आणि गात राहिले की तो जुळत येतो. गाणे थांबवले तर तो जुळायचाही थांबतो, आणि मग ते मूल चाळिशीत ‘मला गाणं येत नाही’ असे हसून सांगणारा माणूस होते.

हे लिहिताना पुण्याविषयी थोडे कटू बोलावेसे वाटते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये ते पुण्यात आणले, त्याही आधी १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाज उभा केला. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाला हे गाव थंडीत शाल पांघरून बसत आले आहे. गाणे घरंदाज मुलामुलींपर्यंत पोहोचवले ते याच मंडळींनी, आणि मीही त्याच पंगतीत जेवले आहे. पण या वारशाने आपल्याला एक सवय लावली: संगीत शिकणे म्हणजे वर्गाला नाव घालणे आणि प्रारंभिकपासून परीक्षा देत जाणे. ज्या घरात वर्गाची फी आणि संध्याकाळी पोहोचवणारे माणूस आहे, त्या घरातली मुले तिथे जातात. महापालिकेच्या शाळेतल्या, बांधकामावरच्या, दोन घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलाला संगीत मिळायचे तर ते शाळेतच मिळेल, आणि शाळेत ते नाही.

ते नाही याला कायद्याचेही कारण आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी ती नाही. तिथे फक्त मुलांच्या संख्येवर शिक्षकांची संख्या ठरते. अभ्यासक्रमाचा आराखडा कलेला महत्त्व देतो, धोरण देते, पण सात वर्षांच्या मुलासमोर उभे राहायला माणूस मात्र वर्गशिक्षिकाच. तिला गाता येत असेल तर नशीब. येत नसेल तर तो तास गणिताच्या सरावाला जातो, आणि तिला तरी बोल कसा लावावा?

मग संगीत उरते ते स्नेहसंमेलनात. तेही आता ट्रॅकवर असते. मोठ्या स्पीकरवर कोणाचे तरी गाणे वाजते आणि मुले त्यावर हातवारे करतात. सबंध कार्यक्रमात एकाही मुलाचा आवाज ऐकू येत नाही, ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या त्या दोन मुलींना मी जे सांगितले होते, ते आपण आता सगळ्यांनाच सांगितले आहे.

भावनांना नावे देण्याबाबतही माझे मत बदलत गेले. पूर्वी मी ‘हे आनंदी गाणे, हे दुःखी गाणे’ असे सांगत असे आणि मुले माझ्या तोंडाकडे पाहून उत्तर देत. आता सांगत नाही. एकदा पेटीवर सा-रे-ग वाजवून मग गंधार (ग) कोमल, म्हणजे थोडा उतरता, केला आणि एवढेच विचारले की काय बदलले? एक म्हणाला, ‘काळी पट्टी दाबली.’ बरोबरच होते. दुसरीने सांगितले, ‘लाइट गेल्यासारखं झालं.’ तिसरा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘व्हॅन निघून गेली आणि मी राहिलो, तेव्हासारखं.’ असे कधी झाले होते ते मी विचारले नाही. पण एरवी ज्यांच्याकडे मनाची अवस्था सांगायला ‘मस्त’ आणि ‘बोअर’ हे दोनच शब्द असतात, त्यांतल्या एकाने एक खरी आठवण स्वतः होऊन सगळ्यांसमोर ठेवली होती, आणि कोणीही हसले नव्हते. कोमल गंधार सगळ्यांनाच दुःखी वाटला पाहिजे असा माझा आग्रह असता, तर त्याचे वाक्य मला मिळाले नसते.

श्वासाचीही गोष्ट आहे, पण ती थोडक्यात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि घेताना वाढतात. लांब ओळ गायची तर उच्छ्वास लांबवावाच लागतो. मधल्या सुट्टीतून लाल चेहऱ्याने आलेला वर्ग ‘शांत बसा’ म्हटल्याने बसत नाही, पण एकच ‘सा’ जमेल तितका लांब धरायला सांगितला की दोन-तीन मिनिटांत खोलीतली धग उतरते. ही युक्ती मी गणिताच्या तासालाही वापरते आणि तिला संगीत म्हणत नाही.

दिवाळीनंतर मी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की गुरुवारचा पस्तीस मिनिटांचा तास मोडून त्याऐवजी रोज हजेरीनंतर सहा-सात मिनिटे द्यावीत. आठवड्यातून एकदा गाणे म्हणजे आठवड्यातून एकदा जेवण. त्यांनी आधी निरीक्षणाला आलेल्या साहेबांनी वेळापत्रक मागितले तर काय दाखवायचे असे विचारले, मग स्वतःच ‘परिपाठाचा भाग म्हणा’ असा तोडगा काढला. पेटी त्यांच्याच कपाटात असते आणि किल्ली शिपाईमामांकडे. ते नऊ वाजता येतात, आमची हजेरी सव्वाआठला होते. तेव्हा सध्या पेटीवाचून चालले आहे. मोबाइलवर तंबोरा, पांढरी दोन, भूपाची एक ओळ आणि दादरा. काल चौथ्या मात्रेवर अठ्ठावीस-तीस हात निःशब्द बाजूला गेले आणि आठ-दहा वाजले. दुसऱ्या बाकावरचा हात वाजला नाही. त्याने मात्र शेजारच्याकडे वळून, ओठ मिटलेलेच ठेवून, बोटाने ‘श्श’ अशी खूण केली आणि त्या नादात त्याची पुढची सम हुकली.